काखेतला जागल्या

लहानपणी पायात बाभळीचा काटा मोडला आणि दोन दिवसांनी जांघेत गाठ आली, की खानदेशातली कुठलीही आजी जागच्या जागी निदान करायची, "अवधाण आलंय. पायाला काय लागलंय ते बघा आधी." गाठ जांघेत आणि आजी बघायची तळपाय. हाताला लागलं तर काखेत गाठ, दाढ किडली तर जबड्याखाली. जखम आणि गाठ यांना जोडणारी वाट शरीरात असते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ते आयुष्यभर पाहिलं होतं.

कर्करोगाची शस्त्रक्रिया करणारा सर्जन याच वाटेचा विचार करतो, फक्त उलट्या दिशेनं. आजी गाठीवरून जखमेकडे जायची. सर्जनला स्तनातली किंवा जिभेवरची गाठ माहीत असते, आणि तिथून निघालेली पेशी काखेतल्या किंवा मानेतल्या कोणत्या गाठीत पहिल्यांदा पोचली असेल, हे त्याला शोधायचं असतं. ती पहिली गाठ सापडली आणि स्वच्छ निघाली, तर पुढच्या गाठींना हात लावायची गरज उरत नाही. गेल्या वीसेक वर्षांत हा शोध सोपा झाला तो एका रंगामुळे. शरीरात तो रंग उजळतो आणि सर्जनला वाट दाखवतो. त्या उजेडाविषयी आणि तो जळगाव-धुळ्याच्या बाईपर्यंत कसा पोचेल, याविषयी हा लेख आहे.

*

आधी त्या बाईच्या हाताकडे बघू.

दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडच्या काळ्या रानात कापसाची वेचणी चालू असते. कमरेला ओटी बांधलेली बाई दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत ओळीतून पुढे सरकते. मजुरी किलोवर आणि कापूस वजनाला हलका, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. उकललेल्या बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी टोचतात. संध्याकाळपर्यंत बोटांवर, मनगटावर बारीक ओरखडे उठलेले असतात. धडधाकट हाताला त्याचं काही होत नाही. रात्री खोबरेल लावलं की सकाळी हात पुन्हा कामाला तयार.

आता हाच हात स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढलेल्या बाईचा आहे, असं समजा. रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती जो द्रव पाझरतो, त्याचा काही भाग बारीक नळ्यांमधून परत रक्तात जातो. हा द्रव म्हणजे लसिका. वाटेत ती जिथे गाळली जाते, त्या लसिका ग्रंथी. आपण त्यांना नुसत्या गाठी म्हणतो. काखेत त्या साधारण वीस ते चाळीस असतात. त्या काढल्या की हाताचा निचरा अडतो. काहींचा हात सुजतो, जड होतो, बांगडी चढत नाही, पोलक्याची बाही उसवावी लागते. अशा हातावरच्या एका ओरखड्यातून जंतू शिरले, तर हात लालभडक होतो आणि ताप भरतो. जगभरातल्या अभ्यासांचा 2013 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या बायकांपैकी जवळजवळ 20 टक्के बायकांना ही सूज आली होती. फक्त पहिली गाठ काढून तपासलेल्यांमध्ये हे प्रमाण 6 टक्क्यांच्या आत होतं. शहरातल्या बाईला सुजलेला हात त्रास देतो. वेचणीवर पोट असलेल्या बाईचा तो रोजगारच काढून घेतो.

तरीही शंभर वर्षं सगळ्यांच्या गाठी सरसकट काढल्या गेल्या, आणि त्यामागे कारण होतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी 1894 मध्ये आपली पद्धत मांडली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. त्या काळात बायका फार वाढलेला आजार घेऊन यायच्या आणि दुसरं औषध नव्हतं. पुढे आजार लहान असताना सापडू लागला, औषधं आली, रेडिएशन आलं. तेव्हा लक्षात आलं की सुरुवातीच्या टप्प्यात आलेल्या बऱ्याच बायकांच्या काखेतल्या सगळ्या गाठी स्वच्छ निघतात. म्हणजे त्या उगाच काढल्या गेल्या. पण त्या स्वच्छ आहेत हे काढल्याशिवाय कळायचं कसं?

*

उत्तर समजून घ्यायला धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी जाऊ. तिथे फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत, काही शतकांपूर्वीचे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या आणि चाऱ्यांवर भिजणारे फड. पाणी आधी कुठल्या फडाला जाणार हे ठरलेलं. त्यावर लक्ष ठेवायला गावानं नेमलेली माणसं, पाटकरी आणि जागल्या. पाटाच्या तोंडाशी पाण्यात काही पडलं, तर सगळं शिवार पालथं घालावं लागत नाही. पहिल्या चारीवरच्या जागल्याला विचारायचं. त्यानं पाहिलं नसेल, तर ते पुढे गेलेलंच नाही.

स्तनाच्या प्रत्येक भागातून निघालेली लसिका अशीच एका ठरलेल्या चारीतून आधी एका गाठीत जाते. इंग्रजी वैद्यकात तिला पहारेकऱ्याचं नाव आहे. आपण तिला जागल्या गाठ म्हणू. ही कल्पना 1977 मध्ये पॅराग्वेचे डॉक्टर रामोन काबानास यांनी लिंगाच्या कर्करोगाच्या संदर्भात मांडली. 1992 मध्ये अमेरिकेत डोनाल्ड मॉर्टन यांनी त्वचेच्या कर्करोगात निळा रंग टोचून ही गाठ शोधून दाखवली. पाठोपाठ डेव्हिड क्रॅग यांनी किरणोत्सारी द्रव्य वापरलं आणि आर्मांडो जुलियानो यांनी स्तनाच्या कर्करोगात निळा रंग. अमेरिका आणि कॅनडात 5611 बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये आले. जागल्या स्वच्छ असेल तर बाकीच्या गाठी ठेवल्यानं आयुष्य कमी होत नाही, हे त्यातून सिद्ध झालं.

म्हणजे प्रश्न उरला तो फक्त जागल्याला ओळखायचा. निळा रंग स्वस्त, पण तो चरबीत हरवतो. ऊतक उघडून त्याच्या अगदी जवळ गेल्याशिवाय तो दिसत नाही. किरणोत्सारी पद्धतीत टेक्निशियम टोचतात आणि किरणं मोजणारी दांडी काखेवरून फिरवतात. जागल्या गाठ आली की यंत्र आवाज करतं. ही पद्धत फार चांगली आहे, पण टेक्निशियम दर सहा तासांनी निम्मं होतं. मुंबईहून निघालेली रेल्वे जळगावला पोचायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. त्यात अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, वेगळा विभाग आणि प्रशिक्षित माणसं लागतात. जिल्ह्याच्या गावाला हे सगळं उभं करणं अवघड आहे.

*

इथे तो उजळणारा रंग येतो. त्याचं नाव इंडोसायनिन ग्रीन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत तो फोटोग्राफीसाठी तयार झाला. पुढे हृदयातून रक्त किती वाहतं आणि यकृत कसं काम करतं, हे मोजायला डॉक्टर तो वापरू लागले. 1959 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यानं पडद्यामागच्या रक्तवाहिन्या पाहिल्या. इतकी वर्षं माणसाच्या शरीरात सुरक्षितपणे वापरलेला हा रंग 2005 मध्ये जपानमधल्या तोशियुकी किताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगात जागल्या गाठ शोधायला वापरला.

त्याचा गुण असा की 800 नॅनोमीटरच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशाखाली तो स्वतः थोड्या वेगळ्या अवरक्त प्रकाशात चमकतो. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण तो कातडी आणि चरबीतून जवळजवळ एक सेंटिमीटरपर्यंत आरपार येतो. खास कॅमेरा तो टिपतो आणि पडद्यावर पांढरा किंवा हिरवा करून दाखवतो.

शस्त्रक्रियेच्या खोलीत हे जवळून पाहण्यासारखं असतं. बाईला भूल दिलेली असते. स्तनाग्राभोवतीच्या काळसर कातडीखाली एक-दोन मिलिलिटर रंग टोचतात आणि तिथे हलक्या हातानं चोळतात. मग टेबलावरचे मोठे दिवे बाजूला वळवतात, कारण त्यांच्याही प्रकाशात अवरक्त किरणं असतात आणि ती कॅमेऱ्याला चकवतात. अर्धवट अंधारात सगळे पडद्याकडे बघतात. काही मिनिटांत स्तनाग्रापासून एक बारीक उजळ रेघ निघते आणि काखेच्या दिशेनं सरकू लागते. पाट सोडल्यावर कोरड्या चारीतून पाण्याचं तोंड पुढे जातं, तशी. काखेच्या कडेशी रेघ दिसेनाशी होते, कारण तिथे नळी खोल जाते. सर्जन तिथेच लहान छेद घेतो.

खरं कौशल्य यापुढे आहे. ती नळी हत्यारानं तुटली, तर रंग सगळीकडे सांडतो. मग अख्खी काखच चमकू लागते आणि वेगळं काहीच कळत नाही. म्हणून हात सावकाश चालतो. चरबी बाजूला करत करत दाण्याएवढी, कधी चिंचोक्याएवढी एक गाठ उजळून वर येते. ती काढून पुन्हा कॅमेऱ्याखाली धरतात, खात्री करतात आणि पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. बहुतेक वेळा अशा दोन-तीन गाठी निघतात. पॅथॉलॉजिस्ट त्यांचा गोठवून काप घेतो किंवा काचेवर ठसा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, आणि काख बंद करायची की पुढे जायचं हे त्याच्या निरोपावर ठरतं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. हा रंग कर्करोग दाखवत नाही. तो लसिकेची वाट दाखवतो. उजळलेली गाठ म्हणजे आजारी गाठ, असं मुळीच नाही. आजार आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकच सांगतो.

स्त्रियांच्या दुसऱ्या कर्करोगांतही ही वाट उपयोगी ठरली आहे. अमेरिका आणि कॅनडामध्ये गर्भाशय आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या 180 रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. काढलेल्या गाठींपैकी 97 टक्के गाठी हिरव्या रंगानं ओळखल्या होत्या, निळ्या रंगानं फक्त 47 टक्के.

*

खानदेशात हा विषय काखेपुरता नाही. मानेतल्या गाठींचाही आहे. तंबाखू-चुना, मिसरी, गुटखा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि पुडी कुठे मिळते हे गावातल्या पोरालाही ठाऊक आहे. देशात 2022 मध्ये तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण निघाले असा अंदाज आहे. स्तनाच्या कर्करोगाचे 1 लाख 92 हजार.

जिभेवरचा किंवा गालातला आजार लहान आहे आणि मानेत हाताला काही लागत नाही. अशा वेळी मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की वाट बघावी? या प्रश्नाचं उत्तर जगाला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं दिलं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. गाठी आधीच काढलेल्यांपैकी 80 टक्के लोक तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसल्यावर काढू म्हणून थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. तेव्हापासून गाठी आधी काढणं हाच नियम झाला. पण याची दुसरी बाजू अशी, की अशा रुग्णांपैकी सुमारे 70 टक्क्यांच्या मानेत आजार पोचलेलाच नसतो. मानेतून खांद्याकडे जाणारी नस या शस्त्रक्रियेत दुखावली, तर खांदा उतरतो आणि हात डोक्याच्या वर जात नाही. चाऱ्याचा भारा उचलणाऱ्या माणसाला हे कायमचं अधूपण आहे. फ्रान्स आणि जपानमधल्या चाचण्यांनी गेल्या काही वर्षांत दाखवलं आहे, की तोंडाच्या लहान कर्करोगातही जागल्या गाठीच्या भरवशावर पुढे जाता येतं. वाट सरसकट कापण्यापेक्षा ती आधी बघून घ्यावी, हा विचार तिथेही पोचला आहे.

टाटा रुग्णालयानं स्तनाच्या कर्करोगातही आपल्या परिस्थितीला साजेसा मार्ग शोधला. डॉ. वाणी परमार, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 478 बायकांमध्ये एक पद्धत तपासली. काखेत आडवी जाणारी एक ठरावीक नस खूण म्हणून धरायची आणि तिच्या खालच्या भागातली चरबी व गाठी तेवढ्या काढून तपासायच्या. रंग नाही, किरणं नाहीत, यंत्र नाही. लागते ती शरीररचनेची पक्की ओळख. ही पद्धत जागल्या गाठीच्या तपासणीइतकीच विश्वासार्ह निघाली. ज्या गावात कॅमेरा नाही, तिथल्या सर्जनला आजच्या आज वापरता येण्यासारखी ही गोष्ट आहे.

मधला मार्गही आहे, आणि खानदेशासाठी मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अवरक्त कॅमेऱ्याची किंमत लाखांत जाते. पण फ्लुरेसिन नावाचा दुसरा, जुना आणि स्वस्त रंग आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी 1871 मध्ये तो तयार केला. निळ्या प्रकाशात तो पिवळट हिरवा चमकतो, तोही डोळ्यांना थेट दिसेल असा. दिल्लीच्या एम्समधल्या आणि लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या सर्जननी फ्लुरेसिन आणि मेथिलिन ब्लू एकत्र वापरून, निळ्या एलईडी दिव्याच्या उजेडात जागल्या गाठी शोधल्या आहेत. या रंगाच्या मर्यादा आहेत. त्याचा उजेड कातडीतून वर येत नाही, आणि लहान रेणू असल्यानं तो एका गाठीत न थांबता पुढच्या गाठींत लवकर उतरतो. म्हणून त्याच्या जोडीला निळा रंग लागतो.

हा रंग जळगाव-धुळ्याला नवा नाही. ज्वारी कापताना डोळ्यात कूस गेली, पऱ्हाटीची काडी लागली, म्हणून शेतकरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. डॉक्टर पापणीला केशरी कागदाची एक पट्टी टेकवतात, निळा दिवा लावतात आणि बुबुळावरची जखम हिरवी चमकते. ते फ्लुरेसिनच असतं. म्हणजे गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात जो उजेड रोज लागतो, तोच काखेत लावायचा आहे.

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कित्येक वर्षांपासून आहे. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2018 मध्ये सुरू झालं. शल्यचिकित्सा, विकृतिशास्त्र आणि नेत्रविभाग एकाच छताखाली असणं ही अशा महाविद्यालयाची ताकद असते. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात. देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांना जोडणारी नॅशनल कॅन्सर ग्रिड ही संस्था टाटा रुग्णालयाच्या पुढाकारानं उभी आहे. राहिलं ते प्रशिक्षण. जागल्या गाठ शोधायला शिकणारा सर्जन पहिल्या वीस-तीस रुग्णांमध्ये ती शोधून झाल्यावर नेहमीसारख्या बाकीच्या गाठीही काढतो आणि आपला अंदाज किती वेळा चुकला ते तपासतो. ही शिस्त पाळली, तर हे काम जिल्ह्यात होऊ शकतं. मग बाईला मुंबईला जाऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनाभर जागा मिळवण्याची वेळ येणार नाही आणि बरोबर आलेल्या नवऱ्याचा हंगाम बुडणार नाही.

*

आता सगळ्यांत अवघड गोष्ट.

चारी गाळानं भरली की पाणी दुसरीकडून वाट काढतं. जागल्या गाठ कर्करोगानं पूर्ण भरली असेल, तर रंग तिच्यात शिरतच नाही. तो बगल देऊन दुसऱ्या गाठीत जातो आणि तीच पहिली आहे असं वाटतं. म्हणून काखेत हाताला टणक, एकमेकींना चिकटलेल्या गाठी लागत असतील, तर ही पद्धत वापरत नाहीत. अशा वेळी आधी औषधं देतात, मग पुन्हा तपासतात, आणि पुष्कळदा सगळ्या गाठी काढाव्याच लागतात. म्हणजे कितीही चांगला कॅमेरा आणला, तरी त्याचा उपयोग वेळेवर आलेल्या बाईलाच होतो.

आणि आपल्या बायका उशिरा येतात. "गाठ शे, पन दुखत नही," हे वाक्य खानदेशात मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे, की त्यातला "पन" मला आता भीतीदायक वाटतो. ठेच लागली, दाढ दुखली, की माणूस दवाखान्यात जातो. न दुखणाऱ्या गाठीसाठी रोज कोण बुडवणार? कापूस निघू द्या. पोरीचं लग्न होऊ द्या. आखाजी होऊ द्या. त्यातून जागा स्तनाची, म्हणजे सांगायचं कुणाला? आशाताईला सांगितलं तर गावभर होईल, ही भीती वेगळीच. आळस म्हणून याकडे बघणं अन्यायाचं होईल. घरातल्या प्रत्येकाचं काम आधी आणि स्वतःचं शरीर शेवटी, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

याचंही उत्तर मुंबईतच सापडलं आहे आणि त्याला कॅमेरा लागत नाही. टाटा रुग्णालयाचे डॉ. इंद्रनील मित्रा यांनी 1998 मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक चाचणी सुरू केली. 1,51,538 बायका तिच्यात होत्या. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी अर्ध्या वस्त्यांमधल्या बायकांचे स्तन हातानं तपासत. निष्कर्ष 2021 मध्ये आले. तपासणी झालेल्या गटात कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. शिकलेला हात, ठरलेला दिवस आणि आडोशाची एक खोली, एवढ्यावर हे झालं. प्रत्येक उपकेंद्राला हे शक्य आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जळगाव आणि धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत स्वस्त रंग आणि निळ्या दिव्याचं प्रशिक्षण सुरू व्हावं, आणि त्याच वर्षी आशा आणि आरोग्यसेविकांना स्तन आणि तोंड तपासायला पक्कं शिकवावं. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. लवकर सापडलेल्या बाईची काख जर सरसकटच रिकामी केली, तर तिनं लवकर येऊन काय मिळवलं? आणि उशिरा आलेल्या बाईपुढे तो सुंदर हिरवा उजेड निरुपयोगी आहे.

बाकीचं तुमच्या हातात. दिवाळीला लेक माहेरी आली आहे, बहीण आली आहे. फराळ झाल्यावर, बाप्ये बाहेर ओट्यावर गेल्यावर, मायनं किंवा वहिनीनं तिला एवढं विचारावं, "कुठं गाठ लागते का गं? तोंडात न भरणारी जखम आहे का?" ती म्हणाली की आहे, पण दुखत नाही, तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्या. दिवाळीपासून आखाजीपर्यंत सहा महिने असतात. गाठीला ते सहा महिने देऊ नका.